डाव्या बाजूचा पिवळा डाग

विमान विकणारा माणूस फाटकातच अडवून चहाचा आग्रह करायला लागला, की समजावं, मागच्या शेडमध्ये इंजिन गरम होऊ घातलंय. जुनं इंजिन थंड असताना चालू व्हायला कुरकुर करत असेल, तर विकणारा ते सकाळीच एकदा चालवून ठेवतो. मग गिऱ्हाईक आलं की पहिल्या झटक्यात चालू, आणि गिऱ्हाईक खूश. जुने पंप आणि जनरेटर विकत घेताना मी हे इतक्यांदा पाहिलंय, की सौदा करायला गेल्यावर मला चहाच नकोसा होतो.

म्हणून परराज्यातल्या एका गृहस्थांचं विमान पाहायचं ठरलं, तेव्हा त्यांना मी दुपारी येतो असं कळवलं आणि सकाळीच जाऊन धडकलो. सोबत माझा भागीदार होता. तो बिचारा ओसरीवर नमस्कार-चमत्कार करत बसला. मी सरळ शेडमध्ये शिरलो, विमानाच्या नाकाखालच्या फटीतून हात घातला आणि इंजिनाला लावला. गार. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटलं, आपण सकाळीच येणार ही खबर याला दिली कुणी?

मी असाच आहे. हवाई दलात इंजिनांवर काम करण्यात उमेदीची वर्षं गेली. तिथे आमच्या वरिष्ठांनी एकच मंत्र दिला होता: दुसऱ्यानं आवळलेला नट हा सैलच असतो, असं समजून हातात पाना घ्यायचा. निवृत्त होऊन भंडाऱ्याला आलो, हायवेच्या बाजूला वर्कशॉप टाकलं, पण तो मंत्र काही सुटला नाही. भाजीवाल्याकडून भेंडी घेतानाही मी प्रत्येक भेंडीचं शेपूट मोडून बघतो. बायको माझ्यासोबत बाजारात यायची बंद झाली आहे.

भागीदार याच्या अगदी उलट. शाळेपासूनचा मित्र. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणण्याचा आणि विकण्याचा धंदा. गिऱ्हाईक 'पैसे उद्या आणून देतो' म्हणालं की हा साडी बांधून देणार. पोरांची शिक्षणं आटोपल्यावर आम्ही दोघांनी नागपूरला जाऊन हौशी वैमानिकाचे परवाने काढले होते, आणि आता स्वतःचं एक जुनं, एका इंजिनाचं, चार जणांचं विमान असावं, असं खूळ दोघांच्याही डोक्यात एकदमच शिरलं होतं.

त्या गृहस्थांचं विमान पांढरं होतं आणि नाकापासून शेपटीपर्यंत दोन्ही बाजूंनी एक रुंद पिवळा पट्टा गेलेला होता. पंख वरच्या अंगाला, छत्रीसारखे. मी दिवसभर ते उलटंपालटं केलं. सीटखालचे गालिचे उचलले, कारण नवे गालिचे घालतात ते खालचा गंज झाकायला. पंखांवरचे रिवेट बोटांनी चाचपले, कारण कुठे एक जरी वेगळ्या जातीचा लागला तरी तिथे कधीतरी काहीतरी आपटलेलं असतं. इंजिनातलं तेल काढून त्यात लोहचुंबक फिरवलं. काही सापडलं नाही. कागदपत्रंही चोख होती. इतकं सगळं बरोबर असलेलं जुनं यंत्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळे माझी झोप उडाली.

"विकता कशाला?" मी विचारलं.

"नजर गेली हो," ते म्हणाले. "डॉक्टर उडायला परवानगी देईना."

मी मुद्दाम दूरच्या झाडाकडे बोट दाखवून विचारलं, तो पक्षी कोणता म्हणायचा? त्यांनी डोळे बारीक केले, मान पुढे काढली, आणि त्यांना काही सांगता येईना. तेव्हा कुठे माझा अर्धा विश्वास बसला. भागीदाराला मात्र माझी फार लाज वाटली.

विमान घेतलं. ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. आमच्या जिल्ह्यात धावपट्टी नाही. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मालकाची जुनी खासगी पट्टी होती, बाजूला पत्र्याची शेड, आणि मालक भागीदाराच्या ओळखीचा. जिल्हा एक होता तेव्हा तो भाग आमचाच. जिल्हा फुटला आणि पट्टी पलीकडच्या नव्या जिल्ह्यात गेली. "त्याईले धावपट्टी भेटली, आपल्याले धरन," असं भागीदार म्हणायचा आणि म्हटल्यावर लगेच जीभ चावायचा. कारण धरण म्हणजे गोसीखुर्द, आणि गोसीखुर्दच्या पाण्यात माझं गाव गेलं होतं.

वडील कोंढ्याच्या बाजूला नव्या वसाहतीत राहायला गेले. घरं रांगेत, पक्की, आखीव. गोठ्याला जागा नाही. बैलजोडी विकावी लागली तेव्हा वडील बाजारात गेले नाहीत, काकांना पाठवलं. त्यानंतर पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला ते घराबाहेरच पडत नसत. गल्लीत पोरं लाकडी बैल ओढत फिरायची, आणि हे दार लोटून आत पडून राहायचे. मी एकदा म्हटलं, "बा, नागपूरला चला, मारबतीची मिरवणूक पाहू." त्यांनी कूस बदलली.

विमान आलं तेव्हा मी त्यांना गाडीत घालून शेडवर नेलं. मला वाटलं होतं, पोरानं विमान घेतलं म्हणून म्हाताऱ्याचा ऊर भरून येईल. वडील हात पाठीमागे बांधून विमानाभोवती फिरले. हात एकदाही पुढे आला नाही. बैलबाजारात जनावर घ्यायचं नसलं की ते असेच फिरायचे, हे मला लहानपणापासून माहीत. नाकासमोर उभे राहून त्यांनी पंखा न्याहाळला, मागे जाऊन शेपूट पाहिलं. शेवटी एकच विचारलं.

"हे वढते कोन्या अंगानं?"

मी त्यांना इंजिन संपतं आणि दार सुरू होतं त्याच्या मधल्या जागेवर, डाव्या बाजूला, थाप मारून दाखवलं. "इथं. पुढून पंखा ओढतो, मागचं सगळं ओझं इथं येतं. जू इथं बसते समजा."

त्यांनी मान हलवली. परत येताना खिडकीतून रस्ता पाहत होते. मध्येच म्हणाले, "येथवर याचं मंजे किती मोटारी बदलाव लागते?" मी मनात म्हटलं, झालं. आता पुढच्या वेळी 'लय लांब हाय' म्हणून टाळायची ही तयारी. मला वाईट वाटलं. ते पुन्हा कधी विमानाविषयी बोलले नाहीत, आणि मीही विषय काढला नाही.

विमान पाळणं म्हणजे एखादं आजारी माणूस पाळण्यासारखंच. एक तर ते उडतं कमी आणि उभं जास्त राहतं, आणि उभ्या विमानाचीच काळजी अधिक. पावसाळ्यात टाकीत ओल धरते, म्हणून प्रत्येक वेळी टाकीखालचा नळ दाबून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढायचं आणि उजेडात धरून खाली पाणी बसलंय का पाहायचं. मी ते इतका वेळ धरायचो, की भागीदार म्हणायचा, "का बे, तीर्थ घेऊन राहिला का?" मातीचं घर करणाऱ्या माशा हवेच्या नळीत घर बांधतात, म्हणून नळीला टोपी. उंदीर वायरी खातात, म्हणून चाकांपाशी पिंजरे. शेडच्या चौकीदाराला मी बजावून ठेवलं होतं, "माझ्याशिवाय आणि यांच्याशिवाय कुणी पत्र्याच्या आत पाऊल टाकलं, तर तुझी नोकरी गेली समज." तो मान डोलवायचा. फार पटकन डोलवायचा, म्हणून माझा त्याच्यावरही डोळा होता.

आणि पूजा नाही. हा माझा नियम. विमान आलं तेव्हा भागीदाराची बायको ताट घेऊन आली होती. नारळ, कुंकू, अक्षता, पंख्याला बांधायला लिंबू-मिरची. मी हात आडवा केला. "वहिनी, हा ट्रॅक्टर नाही. याच्या अंगावर जी भोकं आहेत, त्यातलं प्रत्येक भोक काहीतरी काम करतं. अक्षताचा एक दाणा गेला तर आम्ही दोघंही जाऊ." वहिनींनी लिंबू-मिरची परत पिशवीत टाकली. भागीदारानंही नियम मान्य केला.

त्या भोकांपैकी एकाविषयी सांगायला हवं. विमानाच्या डाव्या बाजूला, मी वडिलांना थाप मारून दाखवलं त्याच जागी, पिवळ्या पट्ट्यात, टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक असतं. तिथून बाहेरच्या हवेचा दाब आत जातो आणि त्यावरून उंचीचा काटा ठरतो. ते बुजलं, की विमान वर जात राहतं आणि काट्याला वाटतं आपण अजून जमिनीवरच. वेगाचा काटाही मग खोटं बोलायला लागतो.

पोळ्याचा दिवस होता. माझ्या वर्कशॉपचे कारागीर सुट्टीवर, भागीदाराचं दुकान बंद. दोघंही मोकळे. आम्ही सकाळीच शेडवर गेलो. मी नागपूरला फोन लावून उड्डाणाची परवानगी घेत होतो, तोवर भागीदारानं विमानाभोवतीची फेरी मारून सगळं तपासलं. "ओके हाय," तो म्हणाला. मी नेहमी त्याच्यामागून स्वतःची एक फेरी मारतो. त्या दिवशी ढग वर होते पण पुढे उतरतील असं वाटत होतं, म्हणून ती न मारताच लगेच निघालो.

जमीन सुटली, झाडं खाली गेली, डावीकडे वैनगंगेचं पाणी चमकायला लागलं. मी सवयीनं काट्याकडे पाहिलं. उंची हलली नव्हती. आम्ही अजून धावपट्टीवर होतो म्हणे. मी काचेवर टिचकी मारली. काही नाही. आणि वेगाचा काटा मात्र खाली खाली येत होता, विमान आता हवेतून गळून पडेल की काय इतका.

"नाक खाली घे!" भागीदार ओरडला.

मी इंजिन ऐकत होतो. इंजिनाचा आवाज खणखणीत. क्षितिज जिथे असायला हवं तिथेच. मग खोटं कोण बोलतंय? मला पहिल्यांदा आठवला तो गार इंजिनाचा गृहस्थ. मनात त्याला सणसणीत शिवी हासडली. फसवलं शेवटी! मग मेंदू जागेवर आला. खाली, गुडघ्याजवळ, एक गुंडी असते. बाहेरचं भोक बंद पडलं तर ती ओढायची, मग यंत्र आतली हवा घेतं. मी ओढली. काट्यानं अशी उडी मारली, की भागीदारानं दोन्ही हातांनी सीट धरलं. आम्ही वळलो, परत आलो, उतरलो. इंजिन बंद झाल्यावर दोघंही जागेवर बसून राहिलो. भागीदाराच्या ओठांचा रंग गेला होता.

उतरून मी सरळ त्या भोकापाशी गेलो. पिवळ्या पट्ट्यावर पिवळंच काहीतरी माखलेलं. पट्ट्याच्या रंगात ते मिसळून गेलं होतं, म्हणून भागीदाराला दिसलं नव्हतं. पण वाकून पाहिलं तर पट्ट्याच्या खाली, पांढऱ्यावर, तळहाताएवढा पिवळा डाग होता, आणि त्याच्या कडेनं लाल मुंग्यांची रांग. मी बोट लावलं. चिकट. विमानातल्या तेलाचा रंग मला माहीत आहे, पेट्रोलचा माहीत आहे, ब्रेकच्या द्रवाचा माहीत आहे. पिवळं विमानात काही नसतं. नाकाला लावलं. हळद. हळद आणि तूप.

मी मागे वळून भागीदाराकडे पाहिलं. त्याच्याकडे तसं पाहायला नको होतं, पण पाहिलं.

चौकीदाराला विचारलं. "कोनी नाही आलं साहेब," तो म्हणाला, आणि म्हणताना शेडच्या पत्र्याकडे पाहत होता. म्हणजे कुणीतरी आलं होतं. आणि ज्याला चौकीदार आत सोडेल, असा माझ्याशिवाय दुसरा एकच माणूस होता.

परत येताना कारध्याला, पुलाच्या अलीकडे, चहाला थांबलो. मी चहा न घेता बोललो. मागून पूजा करून घेतली असेल तर सांगून टाक, वहिनींचा हट्ट मी समजू शकतो, पण मला अंधारात ठेवून आपण दोघं मरत होतो. भागीदारानं पेला खाली ठेवला.

"माह्या बायकोनं तुह्या एका शब्दाखातर भरलं ताट वापस नेलं," तो म्हणाला. "अन् तू तिच्यावर आळ घेऊन राहिला?"

"मग डाग कुठून आला?"

"मले काय मालूम! तू त्या आंधळ्या म्हाताऱ्याले पक्षी वळखाले लावला, मी काही नाही बोललो. माह्या मागून तू दरवेळी दुसरी फेरी मारते, तरी काही नाही बोललो. आता नाही यार. विकून टाक ते. ज्याच्या सोबत उडाचं, त्याचाच भरोसा नाही, त उडाचं कायले?"

तो उठला आणि पूल पायी ओलांडून भंडाऱ्याकडे गेला. मी गाडी घेऊन त्याच्या मागे गेलो नाही. माझं चुकत असेल असं मला वाटत होतं, पण डाग खरा होता, आणि डागाला उत्तर नव्हतं. मित्र जाणार आणि विमानही जाणार, हे त्या पुलावर त्याची पाठ पाहताना मला स्वच्छ दिसत होतं.

विकायचं ठरलं. दिवाळीच्या आधी पुण्याकडचे एक गृहस्थ पाहायला आले. दुपारी येतो म्हणाले आणि सकाळीच हजर. मी त्यांना चहा विचारेपर्यंत ते शेडमध्ये शिरले आणि इंजिनाला हात लावून आले. मला इतका राग आला! मग त्यांनी गालिचे उचलले, रिवेट चाचपले, आणि डाव्या बाजूला येऊन थांबले. साबण, रॉकेल, सगळं लावून झालं होतं, पण पांढऱ्या रंगात शिरलेली हळद गेली नव्हती.

"हा डाग कशाचा म्हणायचा?" ते म्हणाले.

"हळदीचा."

"विमानाला हळद?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी चांगली ओळखत होतो, आजवर ती माझीच होती. डागाचा खुलासा करा, मग दिवाळीनंतर व्यवहार पुरा करू, असं सांगून ते गेले.

दिवाळीला मी वसाहतीत वडिलांकडे गेलो. आई फराळाचं करत होती. मी पाणी प्यायला चुलीजवळच्या कोनाड्याकडे गेलो, आणि कोनाड्यात पितळेची एक वाटी दिसली. जाड काठाची, एका अंगाला चेपलेली. ती मी ओळखली. गाव सुटलं तेव्हा आईनं ती पेटीच्या तळाशी टाकली होती, कारण आता तिचं काही काम उरलं नव्हतं. मग ती पेटीतून बाहेर कशी आली? मी ती उजेडात नेली. घासलेली होती, पण काठाच्या घडीत पिवळं राहून गेलं होतं.

ज्यांनी आमच्याकडचा पोळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर ज्या जागी जू बसतं, तिथे घट्टे पडलेले असतात. वाटीत तूप आणि हळद कालवायची, पळसाच्या पानानं ती बैलाच्या खांद्यावर चोळायची, आणि त्याच्या कानाशी जाऊन आमंत्रण द्यायचं: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. माझ्या लहानपणी वडील हे करताना मी दिवा धरायचो. ही तीच वाटी.

"बा," मी म्हटलं, "ही कायले काढली होती?"

वडील बाजेवर बसले होते. त्यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नजर दाराकडे नेली. आईच बोलली. "मले म्हने पवनीच्या बाजारात जातो. पोळ्याच्या आदल्या दिशी गेले, थे रातच्या मोटारीनं वापस आले. अंगाले तुपाचा वास."

"तुम्ही शेडवर गेले होते?"

"गेलो होतो," वडील म्हणाले. "त्या चौकीदाराले म्हनलं, मी त्याचा बाप हाय, अर्धा घंटा दरवाजा उघड. थो नाहीच म्हने. लय वेळ बसलो फाटकाशी. मग उघडलं त्यानं. तुले सांगू नोको म्हनून मीच म्हनलं होतं, त्याच्यावर चिडू नोको."

"मला काहून नाही सांगितलं?"

"तू म्हनला असता, हात लावू नोका."

खरं होतं. मी हेच म्हटलं असतं.

"तूच त जागा दाखवली होती," ते पुढे म्हणाले. "जू इथं बसते म्हने. मी म्हनलं, एवढे वर्सं झाले, घरात बैल नाही. आता पोराच्या दाराशी एक उभा झाला. त्याची खांद कोन शेकन? त्या कोसेवाल्याच्या पोराले थोडीच येते?"

मी हवेत थिजलेल्या काट्याविषयी बोलायला तोंड उघडलं. राग होताच. बापावरचा, चौकीदारावरचा, त्या वाटीवरचा. "बा, तुम्हाले माहीत आहे का, दुसऱ्या दिवशी आम्ही ते घेऊन वर गेलो, तेव्हा..."

"कवा?" वडील बाजेवर ताठ झाले. "दुसऱ्या दिशी?"

"हो. सकाळी."

"पोळ्याच्या दिशी?" त्यांचा आवाज चढला. माझ्यावर इतक्या वर्षांत चढला नव्हता इतका. "मी त्याले आवतन देऊन आलो होतो. जेवाले बलावलं होतं. अन् तुमी त्याले जुपलं? पोळ्याले बैल कोनी जुपते का रे? शिकले-सवरले मानसं तुमी!"

आमच्या घरात ज्याला हे माहीत नाही असं पोर जन्माला आलं नव्हतं, आणि मी पोळ्याच्या सकाळी, सुट्टी आहे म्हणून, विमान बाहेर काढलं होतं. त्या दिवशी ते शेडमध्ये उभं राहिलं असतं तर हळद भोकात होती की नव्हती, काहीच फरक पडला नसता. पुढच्या फेरीला मी ती पाहिली असती आणि पुसली असती.

त्यांच्या तुपानं त्यांचा मुलगा मरणार होता, हे वाक्य मी तिथेच गिळलं. आजवर त्यांना ते सांगितलेलं नाही, आणि मरेपर्यंत सांगणार नाही. मला त्यांचा हात दिसत होता, बसच्या दांड्याला धरलेला, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली वाटी. मी आयुष्यभर प्रत्येकावर संशय घेतला, आणि ज्या एका माणसावर घेतला नाही त्याचं कारण काही चांगलं नव्हतं. त्याला माझ्या विमानाचं कौतुकच नाही, असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी भागीदाराच्या दुकानात गेलो. तो कोसा मोजत होता आणि मोजतच राहिला. मी सगळं सांगितलं. त्याचा हात गजावर थांबला.

"पवनीवरून एवढ्या मोटारी बदलून आले?"

"हो."

"अन् आपन जुपलं," तो म्हणाला. त्यानं कापडाची घडी केली, फोन उचलला आणि पुण्याच्या गृहस्थांना सांगितलं, की विमान विकायचं नाही. मग मला घरात घेऊन गेला. वहिनींना मी काय म्हणालो ते लिहीत नाही. चहा मिळाला आणि मी तो कसलाही विचार न करता प्यायलो.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही वडिलांना गाडीतून नेलं. चौकीदारानं फाटक आधीच सताड उघडून ठेवलं होतं. विमान धुताना लावतात तशी मी त्या भोकावर लाल टेप चिकटवली आणि बाजूला झालो. वडिलांनी वाटीत तूप-हळद कालवली, पळसाचं पान घेतलं आणि जू बसतं त्या जागी चोळू लागले. सावकाश, गोल गोल, घट्टा मऊ व्हायला हवा असं. मग इंजिनाजवळ तोंड नेऊन पुटपुटले. आमंत्रणाचे शब्द मला ऐकू आले नाहीत, पण मला ते पाठ आहेत. झाल्यावर मी टेप काढली. भागीदारानं भोक तपासलं आणि "ओके हाय" म्हणाला. मी दुसरी फेरी मारली नाही.

पोळ्याच्या दिवशी विमान जागचं हललं नाही. आम्ही तिघं सकाळी पुन्हा गेलो. वहिनींनी पुरणपोळ्या दिल्या होत्या, त्या आम्ही शेडच्या सावलीत बसून खाल्ल्या. मग भागीदारानं शिडी लावली आणि मी पंखातल्या टाकीत पेट्रोल ओतायला लागलो, एक डबा, दुसरा डबा, अगदी काठापर्यंत. वडील खाली उभे राहून पाहत होते. हात पाठीमागे नव्हते, एक हात विमानाच्या अंगावर होता. टाकी भरली तसं मी झाकण लावलं.

"जेवलं," वडील म्हणाले, आणि गाडीकडे चालायला लागले.